खारपाणपट्ट्यातला सबमर्सिबल पंप: दुरुस्तीत या चुका टाळा

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जिनिंगचा किंवा दालमिलचा पंप वर काढला की बहुतेकदा ठरलेलंच काम होतं: वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) भरायचं, बुश (शाफ्टला आधार देणारे धातूचे नळे) बदलायचे, पुन्हा खाली सोडायचा. पंप कशानं खाल्ला हे बघायचं राहतं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) आणि बाउल (त्याभोवतीचं भांडं) धुऊन उजेडात धरा. पाणी वाहतं त्या दिशेनं गुळगुळीत, चकाकते चरे दिसले तर ती रेतीची झीज. सुईनं टोचल्यासारखे खोल खड्डे आणि बाजूचा पत्रा शाबूत असेल तर ते खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड. इथे 304 ऐवजी 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. त्यातलं 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम खड्डे पडणं बरंच कमी करतं. रेतीपुढे मात्र त्याचा उपयोग नाही. पूर्णा नदीच्या गाळाच्या जमिनीत रेती येणारच. म्हणून पंप केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाईपच्या) जाळीसमोर किंवा तळाला टेकवून ठेवू नका, आणि सुरू करताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडा.

स्टीलच्या पंपाला थेट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप जोडला की खाऱ्या पाण्यात जीआयचे आटे आधी गळतात आणि पंप बोअरमध्ये पडतो. यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) कॉलम पाईप, म्हणजे पंप ज्याला लटकतो तो पाईप, वापरा, सोबत दोर बांधाच. झिंकचा ॲनोड (पंपाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) लावला असेल तर त्यावर रंग मारू नका. तो धातूला घट्ट टेकलेला हवा, अर्धा झिजला की बदला.

ओतीव बाउलवर इपॉक्सी मारताना गंज वायरब्रशनं खरवडणं पुरत नाही. सँडब्लास्टिंग करा, त्याच दिवशी पहिला हात द्या. पावसाळी दमट हवेत हे काम काढू नका. वेअर रिंगची (इम्पेलरभोवतीच्या झिजणाऱ्या कडीची) जागा आणि बाउल एकमेकांत बसतात ते काठ टेपनं झाका, नाहीतर पंप जाम होईल.

पाण्यानं भरायच्या मोटरमध्ये बोअरचंच खारं पाणी ओतू नका. स्वच्छ गोडं पाणी भरा, मोटर हलवून बुडबुडे काढा, थोडं थांबून पुन्हा भरा. हवा राहिली तर वरचा बुश कोरडा फिरतो.

पंप खाली सोडताना दर दोन-तीन पाईपांनंतर 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) तपासा. रीडिंग अचानक पडलं तर तिथेच थांबा. बहुधा केबलचा जॉइंट भिजलेला असतो. थ्री-फेज मोटर सुरू केल्यावर पाणी कमी वाटलं तर पंप पुन्हा वर काढण्याआधी स्टार्टरवरचे कोणतेही दोन फेज अदलाबदल करून बघा. मोटर उलटी फिरत असेल.