शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत प्रगत गणित घ्यावं का? ठरवायचं कसं

"गणितात नव्वदच्या वर गुण आहेत ना, मग घेऊन टाक." हा सल्ला मिळालेल्या कितीतरी मुलांना मी पहिल्या सहा महिन्यांतच हताश होताना पाहिलं आहे, म्हणून आता तो ऐकला की राग येतो. "अवघड आहे, टक्केवारी घसरेल, नको घेऊस" हा सल्लाही तितकाच वाईट. शिकवलेली रीत तुम्ही बिनचूक वापरता, एवढंच गुणांवरून कळतं. रीत दिलेलीच नसेल तेव्हा तुम्ही काय करता, याची परीक्षा प्रगत गणित घेतं. ते आधी घरीच तपासता येतं. तीन आठवडे पुरतात, पण ते विषय निवडायच्या आधी काढा.

१. अभ्यासक्रम वाचा. कॅल्कुलस, संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, सदिश, सिद्धतेच्या पद्धती ही नावं दिसतील. आज ती कळली नाहीत तरी चालेल.

२. पुढे काय शिकायचं आहे ते बघा. भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांत कॅल्कुलस आणि मॅट्रिक्स लवकरच लागतात. प्रवेशाच्या अटी संस्थेच्या माहितीपत्रकातच वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. "आवश्यक" लिहिलं आहे की "असल्यास उत्तम", हे नीट बघा.

३. बीजगणिताचा हात तपासा. अक्षरांचे अपूर्णांक, करणी, पूर्ण वर्ग करून सोडवायची वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमितीची नित्य समीकरणं, प्रत्येकी दहा गणितं सोडवा. मुलं म्हणतात "कॅल्कुलस जमत नाही", आणि वही उघडली की चूक उणे चिन्हात सापडते. हात कच्चा असेल तर महिनाभर रोज सराव करा. एवढ्या कारणावरून विषय सोडू नका.

४. सिद्धतेशी झुंजून बघा. खरा निर्णय इथे होतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक जोडी जीवेने जोडा. तीन जीवा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत, एवढी काळजी घ्या. वर्तुळाचे किती भाग झाले ते मोजा. एका बिंदूला १, दोनला २, मग ४, ८, १६. सहा बिंदूंना किती? बहुतेक जण न मोजता ३२ म्हणतात. मोजा. ३१ येतात.

आता स्वतःकडे लक्ष द्या. आपलंच मोजताना चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलंत, तर चांगलं. पण मोजून झाल्यावर "असं का?" हा प्रश्न छळायला लागला का? एक धागा देते: नवी जीवा काढल्यावर एक भाग वाढतो आणि आत झालेल्या प्रत्येक छेदनबिंदूमागे आणखी एक. सहा बिंदूंना जीवा १५, छेदनबिंदू १५ आणि सुरुवातीचा १ भाग, म्हणून ३१. छेदनबिंदू १५ च का, ते तुम्ही शोधा. चार बिंदू निवडून त्यांच्याकडे नीट बघत बसा.

दुसरी कसोटी जास्त कठीण आहे, आणि मी स्वतः तिथेच आपटले होते. √२ अपरिमेय आहे याची सिद्धता शाळेत झालेली असते: √२ = अ/ब, अतिसंक्षिप्त रूपात. मग अ² = २ब², म्हणून अ सम, म्हणून ब सुद्धा सम, आणि अतिसंक्षिप्त रूप मोडलं. मला ती तोंडपाठ होती. २ च्या जागी ३ घातले, √३ झालं. त्याच झोकात ४ घातले आणि √४ अपरिमेय असल्याचं "सिद्ध" केलं. √४ म्हणजे २! शिक्षकांनी एका ओळीखाली रेघ मारली: "अ² ला ४ ने भाग जातो, म्हणून अ ला ४ ने भाग जातो." ६ चा वर्ग ३६, त्याला ४ ने भाग जातो, ६ ला जात नाही. त्या दिवशी कळलं की सिद्धतेची प्रत्येक ओळ मला येत होती, पण कुठली ओळ कशाच्या जोरावर उभी आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. वर्षभर मी "समजलं" म्हणत होते ते निव्वळ ओळखीचं वाटणं होतं.

म्हणून तुम्ही √१२ घ्या. ही संख्या अपरिमेयच आहे, तरी वरची सिद्धता १२ घालून जशीच्या तशी चालत नाही. कुठे अडते आणि दुरुस्त कशी करायची? उत्तर इथे देणार नाही.

अशा सात-आठ प्रश्नांवर दोन आठवडे घालवा. रोज चाळीस मिनिटं, एका वेळी एकच प्रश्न. उत्तराचा व्हिडिओ पूर्णपणे वर्ज्य. सोडवलेलं उत्तर बघताना सगळं सोपंच वाटतं आणि कसोटी वाया जाते. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाबरोबर बसू नका. तो सुटका करेल आणि तुम्हाला स्वतःबद्दल काहीच कळणार नाही. दोन दिवस अडलात तरच एखादा धागा मागा. रोज वहीत लिहा: आज कुठे अडलो, काय करून पाहिलं, ते का फसलं.

किती प्रश्न सुटले ते मोजू नका. दोनच सुटले तरी तिसऱ्या दिवशी नवी कल्पना घेऊन वहीकडे परतत असाल, तर विषय घ्या, गुण पंच्याहत्तर असले तरीही. सगळे सुटले, पण रोज बसायचं जिवावर येत असेल, तर मी नको म्हणेन. सक्तीची दोन वर्षं फार लांब असतात.

५. दोघांशी बोला. एक जण विषय पूर्ण केलेला, एक मध्येच सोडलेला. दुसऱ्याला विचारा: नक्की कुठल्या आठवड्यात तुटलं?

६. वेळ मोजा. रोज तास-दीड तास निघत नसेल तर दुसरा कुठला विषय हलका घेता येतो का ते बघा.

७. सोडायची मुदत विचारून घ्या. विषय कधीपर्यंत बदलता येतो ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तिच्या दोन आठवडे आधी अडल्या जागांच्या सगळ्या नोंदी सलग वाचा. अडायच्या जागा बदलत असतील तर चालू ठेवा. एकाच जागी महिना गेला असेल, तर ती वही घेऊन त्याच दिवशी शिक्षकांकडे जा.