हृदयाचं कार्य लिहिताना आणि शिकवताना या चुका टाळा

वह्या तपासताना एक वाक्य इतक्यांदा भेटलंय की लाल पेन आता आपोआप तिथे थांबतं: "प्रथम उजवी बाजू आकुंचन पावते व रक्त फुप्फुसात जाते, नंतर डावी बाजू आकुंचन पावते व रक्त शरीरात जाते." दोष मुलांचा नाही म्हणा. फळ्यावर बाण काढत उजवं अलिंद (वरचा कप्पा), उजवं निलय (खालचा कप्पा), फुप्फुस, डावं अलिंद, डावं निलय ही रांग आपणच लावलेली असते. मुलांना वाटतं, हृदय म्हणजे चार खोल्यांची चाळ. एक दार लागलं की पुढचं उघडतं.

रांग आहे ती रक्ताच्या एका थेंबाच्या प्रवासाची, हृदयाच्या कामाची नव्हे. दोन्ही अलिंदं एकदम आवळतात, मग दोन्ही निलयं एकदम. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. त्यातला ०.१ सेकंद अलिंदांचा, ०.३ सेकंद निलयांचा, आणि उरलेले ०.४ सेकंद चारही कप्पे सैल! "हृदय क्षणभरही विश्रांती घेत नाही" हे वाक्य निबंधात शोभतं, विज्ञानाच्या पेपरात नको. या सैल वेळातच निलयं बहुतेक भरून जातात. अलिंद शेवटी आवळून वरची थोडी भर घालतं, इतकंच. हृदयाच्या स्वतःच्या भिंतींना, विशेषतः डाव्या निलयाला, रक्त मिळतं तेही मुख्यतः याच वेळात. ठोके वाढले की सगळ्यात जास्त कात्री लागते ती या वेळालाच.

इथून पुढची चूक जन्मते: "फुप्फुस जवळ आहे, म्हणून उजवी बाजू कमी रक्त ढकलते." तसं असतं तर काय झालं असतं, हे मुलांनाच वहीत मांडायला सांगा. दोन्ही बाजू एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे पाठवतात. समजा उजवीने दर ठोक्याला फक्त १ मिलिलिटर जास्त पाठवलं आणि डावीने ते उचललंच नाही. मिनिटाला ७२ ठोके, पंधरा मिनिटांत १,०८० मिलिलिटर, म्हणजे लिटरभराहून जास्त रक्त फुप्फुसात तुंबलं. एवढं गणित झालं की वर्ग गप्प होतो. डावी बाजू कमजोर झालेल्या माणसाला आडवं पडलं की धाप का लागते, हेही मग वेगळं समजवावं लागत नाही.

फरक रक्ताच्या मापात नाही, दाबात आहे. निलयं आवळतात तेव्हा उजवीकडे पाऱ्याचा साधारण २५ मिलिमीटर दाब असतो, डावीकडे १२०. हे पाठ करून घेण्यापेक्षा मटणवाल्याकडून बकऱ्याचं 'दिल' आणा. आधीच बजावून ठेवा, "चिरू नका आणि वरच्या नळ्या आखूड कापू नका." नाहीतर तो सवयीने उभी चीर देऊन मोकळा होतो आणि आपला प्रयोग तिथेच संपतो. दोन्ही बाजू अंगठ्याने दाबून बघा. एक बाजू सहज आत जाते, दुसरी घट्ट लागते. आडवं कापलं की डावी भिंत उजवीच्या जवळपास तिप्पट जाड दिसते, आणि उजवं निलय तिला चंद्रकोरीसारखं बिलगलेलं. कापण्यापूर्वी महाधमनीत (डाव्या निलयातून निघणाऱ्या जाड नळीत) वरून पाणी ओतलं तर झडपेचे तीन पापुद्रे फुगून एकमेकांना टेकतात आणि वाट बंद होते.

हे पाहिलेला मुलगा "लब-डब म्हणजे स्नायू आवळल्याचा आवाज" असं लिहीत नाही. आवाज झडपा मिटण्याशी जोडलेले आहेत. निलयं आवळू लागताच अलिंदांच्या बाजूच्या झडपा मिटतात तो लब. निलयं सैल पडताच महाधमनी आणि फुप्फुस धमनीच्या तोंडाशी असलेल्या मिटतात तो डब. विहिरीवर मोटर असलेल्या घरातल्या मुलांना फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) म्हटलं की पुरे. पाण्याचा उलटा दाब आला की तो आपोआप बसतो. निलयातल्या पांढऱ्या दोऱ्या झडप ओढून उघडतात, असंही लिहिलेलं सापडतं. त्या दोऱ्या छत्रीच्या काड्यांसारख्या आहेत, झडप उलटी फिरू नये म्हणून.

बाकीच्या चुका पटकन उरकू. शिरांमधलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. निळा रंग आकृतीच्या सोयीचा. "धमनीत नेहमी शुद्ध रक्त" हेही चूक, कारण फुप्फुस धमनी अशुद्ध रक्तच नेते. हृदयापासून दूर नेते ती धमनी, एवढंच धरा. घरी आजोबा शिकवत असतील तर ते धमनी-शिरेला रोहिणी-नीला आणि अलिंद-निलयाला कर्णिका-जवनिका म्हणतील; शब्द जुने, वस्तू त्याच. डाव्या-उजव्याचा घोळ होत असेल तर पुस्तक उघडून चित्र समोरच्याकडे करून स्वतःच्या छातीशी धरा. आणि ठोक्याचा हुकूम मेंदू देत नाही; तो उजव्या अलिंदाच्या भिंतीतल्या गाठीतून निघतो. ही गाठ १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक या संशोधकांनी दाखवली. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो.

नाडी मोजायच्या प्रयोगात वर्गभर वेगवेगळे आकडे आले तर आधी बोटं बघा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी मध्ये येते. घड्याळ सुरू करताना लागलेला ठोका 'शून्य' धरा. 'एक' धरून पंधरा सेकंद मोजले आणि चारने गुणलं तर चार ठोके फुकट वाढतात. आमच्या वर्गात एकीने स्टेथोस्कोप छातीला लावून दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि तक्रार केली, "नाडी उशिरा लागतेय, माझं काहीतरी चुकतंय." तिचं काहीच चुकत नव्हतं. मनगटात पोचते ती दाबाची लाट, आणि तिलाही वाटेत किंचित वेळ लागतो. त्या ठोक्याचं रक्त तर अजून बरंच मागे असतं.