चाळिशीनंतरच्या टेस्ट: फुल बॉडी पॅकेजमध्ये जे नसतं ते

मागच्या वर्षी ऑफरमध्ये फुल बॉडी चेकअप केलं, सत्तर आकड्यांचा रिपोर्ट आला आणि मी खूश, मग गायनॅक म्हणाली अगं हे सगळं रक्ताचं, पॅप स्मीअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तिथल्या पेशींची तपासणी) कुठंय? तर पॅकेज घ्यायच्या आधी हे वाचा.

पहिली टेस्ट फुकटची. शिवणाच्या डब्यातली टेप काढा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडून मोजा, पोट आत न ओढता (ओढतोच आपण!). ८० सेंमीच्या वर असेल तर वजन ठीक दिसत असलं तरी शुगर, बीपी, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) करून घ्या.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवीच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, "बायकांचं असतंच कमी" वगैरे काही नाही. माझं ९.२ होतं, जिना चढताना धाप लागायची, मी म्हणायचे वय झालं, आणि पाळीत दर दोन तासाला पॅड बदलत होते ते कोणाला बोललेच नाही, शेवटी सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) निघालं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, दोनेक तास जाऊ देत.

आता पॅप. पाळी पूर्ण थांबली की चार-पाच दिवसांनी जा, आधीचे दोन दिवस संबंध नको, आतून लावायचं क्रीम नको. दोन-चार मिनिटांचं काम, अवघडल्यासारखं होतं पण दुखत नाही फारसं. नॉर्मल आली तर परत ३ वर्षांनी, एचपीव्ही टेस्ट (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची) केली तर ५. सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी मोफत असते, तुमच्याकडे कुठे होते ते आशाताईंना विचारा. पिशवी काढलीय म्हणून सुटलो असंही नाही, जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, पिशवीचं तोंड ठेवलंय की काढलंय ते बघून डॉक्टरला दाखवा.

मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) वर्षाने की दोन वर्षांनी ते डॉक्टर ठरवतील, फक्त त्या दिवशी डिओ-पावडर लावू नका. मिश्री लावत असाल तर तोंडही तपासून घ्या.

आणि पाळी वर्षभर बंद राहून मग एक डाग जरी दिसला, तर "परत आली वाटतं" म्हणून देवघरापासून लांब बसायच्या आधी गायनॅकला फोन लावा, त्याच आठवड्यात.