रिकाम्या जागा कुठून भराव्यात: मुंबईतल्या विद्यापीठ विभागांसाठी प्रवेशाची आखणी

मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात सात जिल्हे येतात: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. एवढा मोठा पट्टा हाताशी असूनही पदव्युत्तर विभागात प्रवेश कमी झाले की बैठकीत पहिली सूचना वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची येते, दुसरी शैक्षणिक प्रदर्शनात स्टॉल घेण्याची आणि तिसरी परदेशी विद्यार्थ्यांची. या तिन्हींवर पैसा घालण्याआधी जवळच्या तीन ठिकाणी जावे: दीड तासाच्या अंतरातली संलग्न महाविद्यालये, पदवीचे वर्ग नसलेली उच्च माध्यमिक विद्यालये, आणि शिक्षण अर्धवट सोडलेले आपलेच विद्यार्थी. पुढची आखणी कलिन्याच्या विद्यानगरी परिसरातला विभाग डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. पुण्यात काही गोष्टी बदलतील, त्या ओघात सांगितल्या आहेत.

सुरुवात ऑक्टोबरात, जुन्या अर्जांपासून

प्रवेशाच्या पोर्टलवरून मागच्या तीन वर्षांचे सगळे अर्ज एक्सेलमध्ये उतरवून घ्या. फक्त प्रवेश घेतलेल्यांचे नकोत, अर्धवट भरलेलेसुद्धा हवेत. प्रत्येक अर्जापुढे आधीचे महाविद्यालय, राहत्या पत्त्याचा पिनकोड, प्रवर्ग आणि पाच टप्पे लिहा: नोंदणी केली, अर्ज पूर्ण केला, गुणवत्ता यादीत नाव आले, शुल्क भरले, ३१ ऑगस्टला वर्गात हजर होता.

विद्यार्थी कुठे गळतात हे या पाच टप्प्यांतून दिसते आणि प्रत्येक गळतीचे कारण वेगळे असते. नोंदणी करून अर्ज अर्धवट सोडणाऱ्यांचे बहुतेक वेळा कागदपत्रांपाशी अडते: जातवैधता नाही, नॉन-क्रिमिलेअर जुने, सहाव्या सत्राची गुणपत्रिका हातात नाही. यादीत नाव येऊनही शुल्क न भरणारे दुसरीकडे गेलेले असतात किंवा त्यांची पैशांची सोय झालेली नसते. शुल्क भरून ऑगस्टात गायब होणारे मुख्यतः बी.एड., एलएल.बी. किंवा एमबीएच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत निघून जातात. नोंदणीच कमी असेल तर लोकांना तुमचा अभ्यासक्रम माहीत नाही, आणि ‘प्रसिद्धी वाढवा’ हा सल्ला फक्त या एका बाबतीत लागू पडतो. बाकीच्या तीन ठिकाणी जाहिरात वाढवली तर गळणाऱ्यांचा आकडा तेवढा वाढेल.

अंतर मोजताना किलोमीटर विसरा. मुंबईतला विद्यार्थी लाइन बघतो आणि गाडी किती वेळा बदलावी लागते ते बघतो. पिनकोडवरून जवळचे रेल्वे स्टेशन काढा आणि घरापासून विभागाच्या दारापर्यंतचा वेळ लिहा. कलिन्यासाठी सांताक्रूझ पूर्व किंवा कुर्ला पश्चिम इथून पुढे बस किंवा रिक्षा आहेच, ती वीस ते तीस मिनिटे धरायला विसरू नका. हा हिशेब केला की वेळापत्रकाचा प्रश्न आपोआप समोर येतो. बदलापूर किंवा विरारच्या मुलीला सकाळी साडेसातचे लेक्चर जमणार नाही, आणि आठवड्याचे सहा दिवस रोज दोनच तास असतील तर ती येणेच सोडून देईल. चार दिवसांत गच्च तास बसवले तर तेवढ्या एका बदलाने कल्याणपलीकडचा भाग तुमच्या टप्प्यात येतो.

संलग्न महाविद्यालये: डिसेंबर-जानेवारीत जा

विभागाच्या जागा भरणारे विद्यार्थी आत्ता पदवीच्या तिसऱ्या वर्षात बसलेले आहेत. पाचव्या सत्राची परीक्षा आटोपून सहावे सत्र सुरू झाले की पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्यांना गाठा. मे महिन्यात महाविद्यालयात कुणी नसते आणि मार्चनंतर मुलांचे लक्ष परीक्षेकडे असते.

तीन वर्षांच्या यादीतून महाविद्यालयांचे तीन गट करा. दरवर्षी विद्यार्थी पाठवणारी, पूर्वी पाठवायची पण आता थांबलेली, आणि अंतर सोयीचे व विषय असूनही कधीच न पाठवणारी. पहिल्या भेटी दुसऱ्या गटाला द्या. तिथे काहीतरी बिघडलेले असते: तुमच्याकडे शिकलेले प्राध्यापक निवृत्त झाले असतील, किंवा महाविद्यालयाने स्वतःचे एम.एस्सी. सुरू केले असेल. कारण कळले तर निम्मे काम झाले.

भेटीला एक शिक्षक आणि त्याच महाविद्यालयातून आलेला तुमचा एक आजी विद्यार्थी एवढे दोघे पुरेत. चाळीस मिनिटे मागा आणि त्यांतली वीस प्रश्नांसाठी ठेवा. विभागाचा इतिहास सांगत बसू नका. विद्यार्थ्यांना पाच गोष्टी ठाऊक करून घ्यायच्या असतात: एकूण शुल्क किती आणि ते हप्त्याने भरता येते का, तास किती ते किती, प्रवेश परीक्षा आहे का, शिकता शिकता नोकरी जमेल का, आणि मागच्या तुकडीतले लोक आज कुठे आहेत. पाचव्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी आणि खरे असावे. नेट-सेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) झालेल्या दोघांची नावे सगळ्यांना सांगून बाकीच्या अठरांबद्दल गप्प राहिलात तर मुलांना ते बरोबर कळते.

इथे हमखास अडचण येते ती प्राचार्यांच्या नाराजीची. स्वतःचा पदव्युत्तर वर्ग असलेल्या महाविद्यालयाला तुम्ही त्यांचे विद्यार्थी पळवायला आला आहात असे वाटते, आणि त्यात चूक काही नाही. अशा ठिकाणी त्यांच्याकडे नसलेलेच विषय किंवा स्पेशलायझेशन मांडा आणि बदल्यात काहीतरी द्या: त्यांच्या विद्यार्थ्यांना तुमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस, किंवा तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला मार्गदर्शक. हा व्यवहार दोन वर्षे सरळपणे पाळला की तिसऱ्या वर्षी तेच प्राध्यापक स्वतःहून विद्यार्थी पाठवतात.

निकालाचे वेळापत्रकही आधीच विचारात घ्या. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावर तपासणी सुरू केली, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि पुढच्या शिक्षणासाठी बाहेर अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचे हाल झाले. एवढा उशीर दरवर्षी होत नाही, पण सहाव्या सत्राचा निकाल आठवडाभर जरी पुढे गेला तरी खासगी विद्यापीठे तोवर जागा देऊन मोकळी होतात. म्हणून पाचव्या सत्रापर्यंतच्या गुणांवर तात्पुरता प्रवेश देता येईल का हे नियम पाहून डिसेंबरातच मंजूर करून घ्या.

बारावी: कुठे जाऊ नये हे आधी ठरवा

पदवी किंवा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम चालवणाऱ्या विभागांनी नामांकित कनिष्ठ महाविद्यालयांत वेळ घालवू नये. तिथे पदवीचे वर्ग त्याच इमारतीत असतात आणि मुंबईत आपल्याच बारावीच्या विद्यार्थ्यांना तेरावीला प्राधान्य मिळते. त्या मुलांना बाहेर पडायचे कारण नसते.

शाळेला जोडलेल्या उच्च माध्यमिक विद्यालयांचे उलटे आहे. तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला बारावीनंतर संस्था बदलावीच लागते, आणि कुठे जायचे हे सांगणारे घरी कुणी नसण्याची शक्यता जास्त. दिवा, मुंब्रा, नालासोपारा, गोवंडी, मानखुर्द, कळवा या भागांतल्या अशा विद्यालयांची यादी शिक्षण उपसंचालक कार्यालयातून मिळते. रात्रशाळांची कनिष्ठ महाविद्यालये त्या यादीत मुद्दाम घाला, पण तिथे संध्याकाळी सातनंतर जा आणि दिवसा काम करणाऱ्याला झेपेल असे वेळापत्रक तुमच्याकडे असेल तरच जा.

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि निकाल मे महिन्यात लागतो. डिसेंबरात एक भेट आणि निकालानंतरच्या चार दिवसांत एक फोन, एवढे पुरते. पुरवणी परीक्षेतून उत्तीर्ण झालेल्यांचा निकाल येतो तोवर बहुतेक गुणवत्ता याद्या संपलेल्या असतात. या मुलांसाठी शिल्लक जागांची वेगळी यादी संकेतस्थळावर टाका आणि ती रोज ताजी ठेवा.

अर्धवट सोडलेले: सगळ्यांत दुर्लक्षित यादी

पहिले किंवा दुसरे वर्ष करून परत न आलेल्या विद्यार्थ्यांचा पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), गुण आणि पत्ता विद्यापीठाकडे आहे. त्यांना मिळवायला जाहिरात लागत नाही. तरीही त्यांना परत या म्हणणारे पत्र सहसा कुणी पाठवत नाही, आणि आमच्या मते शहरी सार्वजनिक विद्यापीठाची ही सगळ्यांत मोठी चूक आहे. ही माणसे शहर सोडून गेलेली नसतात. कुणी दुकानात लागलेला असतो, कुणी डिलिव्हरीच्या कामावर, कुणाचे लग्न झालेले असते, आणि पदवी नसल्यामुळे बढती अडलेली असते.

परीक्षा विभागाकडून तिसऱ्या आणि पाचव्या सत्राला नाव न नोंदवलेल्यांची आणि काही पेपर राहून परत न बसलेल्यांची यादी मागा आणि ती राहिलेल्या पेपरांनुसार लावा. एक ते चार पेपर राहिलेले सगळ्यांत वर. त्यांना पूर्ण वर्ष परत करायचे नसते, फक्त परीक्षेला बसायचे असते. त्यानंतर एक पूर्ण वर्ष राहिलेले.

फोन करण्याआधी प्रत्येकाचा कागद तयार हवा: नेमके कोणते पेपर राहिले, अभ्यासक्रम बदलला असेल तर त्याऐवजी कोणता पेपर, शुल्क किती, पुढची परीक्षा कधी, अर्जाची शेवटची तारीख कोणती. ७५:२५ किंवा ६०:४० अशा (लेखी आणि अंतर्गत गुणांच्या विभागणीच्या) जुन्या पॅटर्नच्या विद्यार्थ्याला ‘ऑफिसला येऊन चौकशी करा’ म्हणालात तर तो एक दिवसाची मजुरी बुडवून येणार नाही. समकक्ष पेपरांचा तक्ता परीक्षा विभागाकडून आधी लेखी घ्या. या कामाला वेळ लागतो, तो द्यायलाच हवा.

फोन संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी करा. नंबर बदललेले असतात, म्हणून वर्गमित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप शोधा. त्यातल्या एकाकडून दहा जणांचा पत्ता लागतो. तीन प्रयत्नांनंतर थांबा. बोलताना ‘का सोडलं’ हे विचारू नका. ‘तुमचे तीन पेपर राहिलेत, ऑक्टोबरच्या परीक्षेत होऊ शकतात’ एवढ्यानेच बोलणे सुरू होते.

नियमांची गल्लत इथे फार होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पुरी करायची असते. पण संलग्न महाविद्यालयांत हा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. त्याआधी शिक्षण सोडलेल्याला तो जसाच्या तसा सांगू नका. त्याचे क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँकेत (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या डिजिटल खात्यात) असतीलच असे नाही. रोज येणे ज्याला शक्यच नाही त्याला दूरस्थ शिक्षण केंद्राचा पर्याय द्या. तुमच्या विभागाचा आकडा वाढणार नाही, पण विद्यार्थी विद्यापीठात राहील.

कागदपत्रांचे शिबिर, दोनदा

जातप्रमाणपत्र, अधिवास आणि जातवैधतेचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत करून घ्या. वैधतेला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र मात्र १ एप्रिलनंतर काढायला सांगा, कारण त्यांची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये नाकारला गेला की विद्यार्थी चिडतो आणि दोष विद्यापीठाला देतो. त्यासोबत आधार बँक खात्याशी जोडलेले आहे का तेही तपासा, नाहीतर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून येणारी शिष्यवृत्तीची रक्कम अडकते.

मुलींच्या शुल्कमाफीबद्दल अचूक बोला. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशांना. ‘मुलींना सगळं मोफत’ असे पत्रकावर छापून एम.ए.ला बोलावलेत आणि खिडकीवर पैसे मागितलेत तर ती मुलगी परत जाईलच, शिवाय पुढच्या वर्षी तिच्या महाविद्यालयातून कुणी येणार नाही.

बाहेरगाव आणि परदेश

वसतिगृहात जितक्या जागा, तितकेच बाहेरगावचे लक्ष्य ठेवा. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आपलेच कार्यक्षेत्र आहे, तिथे जायलाच हवे, पण जाताना खाटेची हमी घेऊन जा. मुंबईत खोलीचे भाडे विभागाच्या शुल्काला कुठल्या कुठे मागे टाकते. पुण्याचे गणित वेगळे आहे. मराठवाडा आणि खानदेशातून मुले तिथे स्पर्धा परीक्षेसाठी येतातच, त्यांना संध्याकाळचा किंवा थोड्या दिवसांत बसवलेला अभ्यासक्रम आणि ‘कमवा व शिका’ योजनेची माहिती दिली तर विभागाला विद्यार्थी मिळतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) जागा ठेवता येतात, म्हणजे त्यांच्यामुळे तुमच्या मूळ रिकाम्या जागा भरत नाहीत. अभ्यासक्रम इंग्रजीतून चालत असेल आणि व्हिसा, समकक्षता यांचे काम बघणारा माणूस असेल तरच तिकडे वळा.

जुलै-ऑगस्ट

प्रत्येक मार्गाचा खर्च ३१ ऑगस्टला वर्गात असलेल्या विद्यार्थ्यांनी भागा. समजा, प्रदर्शनातल्या स्टॉलवर ६० हजार गेले आणि त्यातून तीन जण टिकले, तर माणशी २० हजार. दहा महाविद्यालयांच्या भेटींना १२ हजार लागले आणि पंधरा जण टिकले, तर ८०० रुपये. हा आकडा मार्गानुसार लिहून ठेवलात तर पुढच्या ऑक्टोबरात वाद घालावा लागत नाही. त्यासाठी अर्जात ‘आमच्याबद्दल कुठून कळले’ हा रकाना सक्तीचा करा आणि त्यात ‘इतर’ हा पर्याय ठेवू नका.

राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या बी.एड., विधी आणि एमबीएच्या फेऱ्यांच्या तारखा विभागाच्या भिंतीवर लावा. प्रत्येक फेरीचा निकाल लागला की दोन दिवसांत काही प्रवेश रद्द होतात. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या दहा जणांची कागदपत्रे तोवर तपासून झालेली असावीत, म्हणजे जागा सुटली की त्याच दिवशी फोन जातो. आठवड्याने गेलेल्या फोनला ‘आता दुसरीकडे पैसे भरले’ हेच उत्तर मिळते.