टाकसाळीतली चूक की नंतरची मोडतोड?

वेगळे दिसणारे नाणे हाती आले की किमतीचा विचार करण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हा दोष चकती कापताना, तिचा काठ उठवताना किंवा तिच्यावर ठसा मारताना उद्भवू शकला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते नाणे बाहेर कोणीतरी ठोकलेले, तापवलेले किंवा घासलेले आहे आणि त्याचे मोल दर्शनी किमतीपलीकडे जात नाही.

एक बाजू कोरी असलेले नाणे आधी वजनकाट्यावर ठेवावे. २०११च्या मालिकेतील एक रुपया ३.७९ ग्रॅमचा असतो. ठसा उमटायचाच राहिला असेल तर धातू कमी होत नाही. कानशीने गुळगुळीत केले असेल तर वजन हमखास घटते.

काठ कापलेल्या नाण्यांत फसगत फार होते, म्हणून ती सावकाश तपासावीत. पत्र्यातून चकत्या पाडताना त्या कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडासा चढला की चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. पुढे काठ उठवताना खाचेच्या बाजूने दाब मिळत नसल्यामुळे तिच्या बरोबर समोरचा काठ बहुधा बसका व पुसट राहतो आणि खाचेजवळची अक्षरे कडेकडे ओढल्यासारखी दिसतात. बनावट खाचेसमोरचा काठ मात्र धडधाकट असतो, अक्षरे मध्येच छाटलेली असतात आणि भिंगाखाली कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसतात.

‘ब्रॉकेज’ हा टाकसाळीतला दोष असलेल्या नाण्यावर एका बाजूला दुसऱ्या बाजूचेच चित्र उलटे आणि खोलगट उमटते, कारण आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिलेले असते. दोन नाणी व्हाइसमध्ये (घट्ट आवळणाऱ्या पकडीत) दाबून केलेल्या नकलेत खोलगट चित्राखाली मूळ ठशाचे अवशेष उरतात आणि पाठीमागची बाजूही चेपलेली असते.

दहा रुपयांच्या नाण्याचे कडे आणि गाभा एकाच घावात जोडले जातात व छापले जातात. त्यामुळे गाभा खरोखर सरकला असेल तर कड्यावरची नक्षी गाभ्याच्या धातूवरही चढलेली दिसते. कड्यावरचा मजकूर सरळ आणि गाभ्यावरचे चित्र तेवढे फिरलेले असेल, तर गाभा काढून पुन्हा बसवलेला आहे, हे निश्चित समजावे.

वर्षाखाली टाकसाळीचे चिन्ह नाही म्हणून नाणे दुर्मीळ ठरत नाही. मुंबईचे नाणे पत्त्यांतल्या चौकटसारख्या खुणेने, हैदराबादचे चांदणीने आणि नोएडाचे ठिपक्याने ओळखू येते; कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसतेच.