टोकियोतल्या नावाजलेल्या छोट्या रामेन दुकानात जेवायला जाताना

मुंबईहून जपानला निघालेल्या मंडळींच्या यादीत हल्ली एखादं नावाजलेलं रामेनचं, म्हणजे सूपातल्या नूडल्सचं, दुकान असतंच. मग होतं काय, शोधत शोधत तिथं पोचावं तर रांग बंद झालेली असते, किंवा मशीन नोट घेत नाही, किंवा बरोबरच्या काकूंना खाता येईल असं काहीच नसतं. ही दुकानं आठ-दहा स्टुलांची, आत राबणारी माणसं दोन-तीन. तिथले सगळे नियम या जागेच्या टंचाईतून आलेले आहेत, त्यामुळे तयारी घरूनच करून जावी.

आधी दुकान निवडणं. टोकियोच्या सुगामो भागातलं ‘त्सुता’ हे मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तारा मिळवणारं जगातलं पहिलं रामेन दुकान. टोकियोच्या २०१६च्या आवृत्तीत त्याला तारा मिळाला, आणि पुढच्याच आवृत्तीत ओत्सुकाच्या ‘नाकिर्यू’ला. ‘त्सुता’ २०१९मध्ये योयोगी-उएहाराला हललं, तरी जुना पत्ता धरून सुगामोला उतरणारे असतात. म्हणून पत्ता, वेळ आणि सुट्टीचा वार दुकानाच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम किंवा एक्स खात्यावर आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, असा दोनदा बघा. सूप संपलं की वेळेआधीच शटर खाली येतं. ‘ताबेलोग’ या जपानी साइटवर गुण फार हात राखून देतात. तिथले पाचपैकी साडेतीन म्हणजे उत्तम, ते बघून नाक मुरडू नका.

काही दुकानं आता ऑनलाइन वेळ देतात, काही सकाळी क्रमांकाचं तिकीट देतात. बाकी ठिकाणी रांग. दुपारसाठी दुकान उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा, फारच गाजलेलं असेल तर त्याहून आधी. ‘तू उभा राहा, आम्ही येतोच’ हे तिथं चालत नाही. जेवणारे सगळे रांगेत हवेत. आठ जणांचा गोतावळा असेल तर दोघादोघांत वाटून घ्या आणि शेजारी बसायचा हट्ट सोडा. शेजाऱ्यांचं दार अडू नये म्हणून रांग कधी मधेच तोडून पलीकडे सुरू केलेली असते, तेव्हा शेवट कुठं आहे ते विचारून उभे राहा. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या नाण्यांच्या लॉकरमध्ये ठेवा. उग्र अत्तरही त्या दिवशी नको, कारण सूपचा वास हे तिथलं अर्धं जेवण आहे.

खरी अडचण तिकिटाच्या मशीनपाशी येते. उडप्याकडे गल्ल्यावर कूपन घेऊन काउंटरवर द्यावं तसाच हा प्रकार, फक्त गल्ल्यावर माणूस नसतो. तिकीट आधी काढायचं की रांगेत आधी लागायचं, हे दुकानागणिक बदलतं. पुढचे काय करतात ते बघा. बऱ्याच मशीनमध्ये आधी पैसे टाकायचे, मग बटणं पेटतात. जुनी मशीनं फक्त नाणी आणि हजार येनची नोट घेतात, आणि ३ जुलै २०२४ला आलेल्या नव्या नोटा काहींना अजून ओळखता येत नाहीत. मुंबईत चलन बदलताना दहा हजारांच्या नोटा मिळाल्या असतील तर कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडून ठेवा. साधा बाऊल हजार येनच्या आसपास, सगळं वर घातलेला खास बाऊल दीड हजारापर्यंत किंवा पुढेही जातो, तेव्हा माणशी दोन नोटा आणि थोडी नाणी हवीत.

बटणांवर जपानीच असेल तर रांगेत असतानाच फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ठरवा. काहीच कळलं नाही तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा. तिथं बहुधा दुकानाची मुख्य चीज असते. तिकीट पडल्यावरही उरलेले पैसे आतच असतात. अंडं, जादा नूडल्स असं काही हवं असेल तर लगेच ते बटण दाबा, नसेल तर सुट्टे परत देणारी कळ फिरवा. ही कळ विसरून पैसे सोडून येणारे पुष्कळ.

बसल्यावर तिकीट समोरच्या उंच कट्ट्यावर ठेवा. हाकाता धाटणीच्या, म्हणजे डुकराच्या हाडांचं सूप आणि बारीक नूडल्स देणाऱ्या, दुकानात नूडल्स किती शिजवू असं विचारतील. ‘कातामे’ म्हणजे ताठ नव्हे, मधलं ‘फुत्सू’ सांगितलं तर पहिल्या खेपेला बरं. पाणी बहुधा आपलं आपण घ्यायचं. एका माणसाला एक बाऊल, दोघांत एक मागू नये.

बाऊल आला की फोटो एक, तोही फक्त बाऊलचा, आणि पाटी मनाई करत नसेल तरच. गरम सूपात नूडल्स पाणी पीतच राहतात. बारीक नूडल्सचा ताठपणा काही मिनिटांत जातो. म्हणून आधी दोन चमचे सूप, मग लगेच नूडल्स, आवाज करत ओढून. हवेबरोबर ओढल्याने तोंड भाजत नाही आणि वास नाकापर्यंत पोचतो. सूप खारट असतं, ते संपवलंच पाहिजे असं नाही. झालं की बाऊल कट्ट्यावर ठेवा, आपली जागा पुसा, ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणा आणि उठा. टिप ठेवू नका.

शाकाहारी मंडळींनी मात्र ही रांग लावूच नये. वरचा पोर्कचा तुकडा, म्हणजे चाशू, काढून मागितला तरी खालचं सूप डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचं, नाहीतर सुक्या मासळीचं असतं. भाज्यांच्या रामेनचंही तेच. चिकनचं सूप असलेल्या दुकानातही डुकराची चरबी असू शकते. संकष्टी, श्रावण पाळणाऱ्यांनी तारीख ठरवतानाच कॅलेंडर बघावं. शाकाहारी मंडळींसाठी टोकियो स्टेशनात ‘टीज तानतान’ हे पूर्ण व्हीगन दुकान आहे. ते तिकीट गेटाच्या आत, केइयो स्ट्रीटवर आहे, तेव्हा गाडी बदलताना तिथं जेवून घेणं सोयीचं पडतं.