पेटीवरून कीबोर्डकडे: थाट ओळखीचे असतील तर कॉर्ड कंटाळवाणे राहत नाहीत

विदर्भातल्या गावांत कीबोर्ड शिकणारा बहुतेक जण पेटीवरून आलेला असतो. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, सप्ताहातलं भजन, खंजिरी भजनाच्या स्पर्धा, यांतच त्याची बोटं तयार होतात. मग घरचे कुठून तरी जुना यामाहा किंवा कॅसिओ घेऊन देतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो सी, एफ आणि जी हे तीन मेजर कॉर्ड (एकत्र दाबायचे तीन-तीन स्वर) शिकतो आणि पुढं प्रत्येक गाण्याखाली तेच तीन फिरवत राहतो. गौळण असो की लावणी, खालचा रंग एकच.

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या, नाटकांत कीबोर्ड वाजवतो. धान निघालं, दिवाळी झाली की आमचा हंगाम लागतो, होळीच्या आसपास तो मंदावतो. उरलेल्या महिन्यांत भजनं, लग्नातला ऑर्केस्ट्रा आणि शिकायला येणारी पोरं. त्या पोरांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो की पाश्चात्त्य संगीतातले मोड, म्हणजे सात स्वरांचे साचे, नव्यानं पाठ करू नका. सातांतले सहा तुम्हाला येतात. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांसाठी सात स्वरांचे जे दहा साचे, म्हणजे थाट, मांडले, त्यांतला बिलावल म्हणजे आयोनियन, काफी म्हणजे डोरियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, कल्याण म्हणजे लिडियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन आणि आसावरी म्हणजे एओलियन. सातवा लोक्रियन. त्यात शुद्ध पंचमच नाही, म्हणून आपल्या दहा थाटांत त्याला जागा नाही आणि भजनात किंवा नाटकात त्याची गरजही पडत नाही. तो सोडून द्या.

उलट बाजूनं भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार थाट त्या सात मोडांत बसत नाहीत. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आता कीबोर्ड घ्या आणि काळ्या पट्ट्यांना हातच लावू नका. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, असं पांढरी सात म्हणजे बी पर्यंत मोजा; काळ्याही सी पासूनच मोजतात. डाव्या करंगळीनं खालची पांढरी दोन दाबून धरा आणि तोच सा समजा. उजव्या हातानं पांढरी दोन, चार आणि सहा एकत्र दाबा: हा डी मायनर. मग पांढरी पाच, सात आणि वरची दोन: हा जी मेजर. डावी करंगळी न उचलता हे दोन कॉर्ड सावकाश आलटूनपालटून वाजवा आणि वर काफीतलं कुठलंही ओळखीचं भजन गुणगुणा. ते आपोआप बसेल. कारण पांढरी दोन सा धरली की पांढरी चार कोमल गंधार होते, पांढरी एक कोमल निषाद, आणि पांढरी सात शुद्ध धैवत. हा शुद्ध धैवतच काफीला आसावरीपासून वेगळं करतो, आणि तो जी मेजरच्या पोटात आहे.

माझी सगळी पद्धत एवढ्यावर उभी आहे. प्रत्येक थाटात ओळखीचा एक स्वर असतो. तो स्वर ज्या कॉर्डात आहे तो कॉर्ड शोधायचा आणि त्याला सा च्या कॉर्डाशेजारी बसवायचं. सुरुवातीला दोनच कॉर्ड पुरतात.

पांढरी चार सा धरली तर कल्याण. तीव्र मध्यम म्हणजे पांढरी सात, आणि ती पुन्हा जी मेजरमध्येच. म्हणून एफ मेजर आणि जी मेजर, खाली एफ कायम. पांढरी पाच सा धरली तर खमाज: कोमल निषाद पांढरी चारवर येतो, म्हणून जी मेजर आणि एफ मेजर. पांढरी तीन सा धरली तर भैरवी: कोमल ऋषभ पांढरी चारवर, म्हणून ई मायनर आणि एफ मेजर. पांढरी सहा सा धरली तर आसावरी: ए मायनर, एफ मेजर, जी मेजर.

एफ मेजर किती वेळा आला ते पाहा. कल्याणात तो घर आहे, खमाजात उतरता उसासा, भैरवीत अंगावर येणारी सावली. एकच विहीर या धुऱ्यावरून (बांधावरून) डावीकडे दिसते आणि त्या धुऱ्यावरून उजवीकडे, तसं हे आहे. कॉर्ड बदललेला नाही, सा बदलला. जुन्या शास्त्रात मूर्च्छना म्हणतात त्याच्याच जवळची ही गोष्ट.

म्हणून डावा हात ढिला पडू देऊ नका. काफी वाजवताना खालचा डी सुटला आणि तुम्ही चुकून सी मेजरवर जाऊन थांबलात, तर कान लगेच सी लाच सा मानतो आणि काफी गेली, बिलावल आला. सी मेजर काफीत येऊ शकतो, तो कोमल निषादाचा कॉर्ड आहे, पण त्यावर विसावा घ्यायचा नाही. विसावा डी मायनरवरच. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावून सराव केला तर हे लवकर अंगवळणी पडतं.

इथं कीबोर्डची एक खोडी सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. रिदमसोबत ऑटो कॉर्ड चालू असला की यंत्र प्रत्येक कॉर्डाचा पहिला स्वर स्वतःच बासमध्ये वाजवतं. तुम्ही जी मेजर दाबला की खाली जी वाजणारच. मग थाटाचा रंग टिकत नाही. काही मॉडेलांत 'ऑन बास' नावाची सोय असते, त्यात डावीकडे सर्वांत खाली जो स्वर दाबाल तोच बास होतो. ती नसेल तर ऑटो कॉर्ड बंद करा, फक्त ठेका ठेवा आणि बास स्वतःच्या बोटानं वाजवा. ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा) सोबत असेल तर ठेकाही बंद. तो तुमच्या यंत्राच्या ठेक्यावर खूश नसतोच.

दोन कॉर्ड हातात बसले की तिसरा कोणता घ्यावा, याचं उत्तर थाटागणिक वेगळं आहे. खमाजचं सांगतो, कारण आमच्याकडची कितीतरी भजनं आणि लावण्या तिथंच फिरतात. सी सा धरला तर खमाजात सी मेजर, बी फ्लॅट (म्हणजे काळी पाच) मेजर आणि एफ मेजर हा फेरा बसतो. पोरांची सवय मात्र शेवटी जी मेजर दाबून घरी यायची. जी मेजरमध्ये शुद्ध निषाद आहे, थाटातला निषाद कोमल. थाटाप्रमाणे पंचमावर मायनर येतो, जी मायनर. पण खमाज रागात आरोहात शुद्ध निषाद लागतो आणि अवरोहात कोमल, हे पेटीवाल्याला माहीत असतं. त्याचा फायदा घ्या. गायक वर चढत असेल तिथं जी मेजर, खाली उतरत असेल तिथं जी मायनर किंवा बी फ्लॅट मेजर. नुसतं सूत्र पाठ करणाऱ्याला हे सुचत नाही. पेटीवर ज्यानं गायकाची साथ केली आहे त्याचा हात तिकडे आपोआप जातो.

भैरवीत पंचमाचा कॉर्ड टाळा. कोमल ऋषभामुळे तो डिमिनिश्ड होतो, म्हणजे त्याचा वरचा स्वरही उतरतो, आणि भजनात फार कडवट लागतो. सा मायनर, कोमल ऋषभ मेजर आणि कोमल निषाद मायनर यांवर काम भागतं. शिवाय गाणारे भैरवीत बाराही स्वर लावतात. कार्यक्रमाच्या शेवटी बुवांनी भैरवी धरली की थाटाचा हट्ट सोडा आणि कॉर्डही कमी करा.

कमी करणं ही निम्मी विद्या आहे. शिकायला येणाऱ्या एका पोरानं काफीतल्या भजनाखाली सा वर मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराचा, कॉर्ड लावून ठेवला. बुवा टाळ खाली ठेवून म्हणाले, "बाबू, मी कोमल लावून रायलो अन् तू शुद्ध दाबून रायला. काऊन?" पोराला बुवांचा प्रश्नच कळला नाही, कारण त्याच्या डोक्यात तो फक्त 'सी' होता, त्यातला गंधार त्याला दिसत नव्हता. त्यावर उपाय सोपा आहे. गाणं नवीन असेल, गंधार कोणता लागणार याची खात्री नसेल, तर कॉर्डातला मधला स्वर गाळा. नुसता सा आणि पंचम वाजवा. तो मेजरही नाही, मायनरही नाही. पहिलं कडवं तसं जाऊ द्या, गंधार आणि धैवत ऐकून घ्या, आणि मग मधलं बोट ठेवा.

आता मिसळणीकडे येऊ. नाटकाच्या पार्श्वसंगीतात खरी मजा इथं आहे. गाणं बिलावलमधलं, सी सा, आणि एफ मेजरवरून सी मेजरवर परतायचं आहे. मध्ये एफ मायनर घाला. पांढरी चार, सहा, एक या कॉर्डात फक्त पांढरी सहा सोडून काळी चार दाबायची. शुद्ध धैवत, कोमल धैवत, मग सी मेजरमधला पंचम: ही उतरण ऐकणाऱ्याच्या आत कुठं तरी लागते. हा एफ मायनर आसावरीकडून उसना घेतलेला. आई-मुलाच्या ताटातुटीच्या प्रवेशात मी तो हमखास वापरतो. अट एकच: त्या क्षणी गायक शुद्ध धैवतावर थांबलेला नसावा.

तसंच कोमल धैवत मेजर, कोमल निषाद मेजर आणि मग सा मेजर. सी सा धरला तर ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी. नायक मंचावर येतो, पब्लिक शिट्ट्या मारते, तिथं हा चढता फेरा चपखल बसतो. खलनायकासाठी भैरवीचे दोन कॉर्ड, खाली सा चा घोगरा बास. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडस्याच्या नाटक कंपन्यांत नाटकाची तालीम फार होत नाही. प्रॉम्प्टरचा आवाज आणि नटाची चाल बघून जागच्या जागी ठरवावं लागतं. तेव्हा आठवायला दोन बोटांचा हिशेब सोपा पडतो, मोडांची ग्रीक नावं नाही.

राहिले ते चार थाट. भैरव कॉर्डांत छान बसतो. सी मेजर दाबा आणि तिन्ही बोटं एकदमच अर्ध्या स्वरानं वर सरकवा: काळी एक, पांढरी चार, काळी चार. पुन्हा खाली या. काकड्याच्या भजनाला खाली सा चा आस (अखंड धरलेला स्वर) ठेवून एवढं पुरे, फार तर एफ मायनर जोडा. पूर्वी, मारवा आणि तोडीखाली मात्र मी कॉर्ड लावत नाही. मारवा रागात पंचम वर्ज्य आहे. सा चा साधा कॉर्ड दाबला तरी त्यात पंचम येतो आणि राग बिघडतो. तिथं आस धरून बसावं.

आता कामाचं. हंगामात कंपनी नवा वादक घेते तेव्हा तुम्हाला किती कॉर्ड येतात हे कोणी विचारत नाही. पट्टी, म्हणजे सा ची जागा, बदलता येते का, हे बघतात. गाणारी बाई पांढरी चार किंवा पाच मागते, गडी काळी एक किंवा दोन, आणि खंजिरीवाले कुठल्या कुठं चढवतात. सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण आहे, पण गाणं चालू असताना पट्टी बदलली तर ते दाबण्याच्या नादात ओळ निघून जाते. म्हणून वहीत सी, एफ, जी असं लिहू नका. स्वरांत लिहा. खमाजचा फेरा 'सा मेजर, कोमल नी मेजर, म मेजर'. काफीचा 'सा मायनर, म मेजर'. पट्टी कुठलीही आली तरी ओळ तीच वाचायची. पांढऱ्या पट्ट्यांवर कान तयार झाला की हे फेरे काळी एक, काळी दोन आणि पांढरी पाचवर बसवायला घ्या, बाकीच्या पट्ट्या नंतर.

वहीत प्रत्येक गाण्यापुढे तीनच गोष्टी ठेवा: गायकाची पट्टी, थाट, आणि जिथं थाट मोडतो तो शब्द. त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा. पेननं नको, पुढच्या गावात दुसरा गायक तीच चाल वेगळी लावतो.